गेटवरचे दोन प्रश्न

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणारी बस सावनेर आणि केळवद मागे टाकून राज्याची हद्द ओलांडते. दुकानांच्या पाट्या हिंदी होतात, दुकानातला भाव मात्र मराठीतच चालू राहतो. सातनूर, बोरगाव, लोधीखेडा, सौंसर हा सारा पट्टा बोलीने नागपूरचा आणि कागदोपत्री मध्य प्रदेशचा. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हा फरक नव्हता, कारण मध्य प्रदेशाची राजधानीच नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत नागपूर विदर्भासह मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि सौंसर तालुका आपल्या बाजारपेठेपासून, सोयऱ्यांपासून रेघेने तोडला गेला. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. सौंसर आणि त्यासोबत लोधीखेडा त्यात आले. कलेक्टर कचेरी जवळ आली, पण कामाचे गाव अजूनही साठेक किलोमीटर दूरचे नागपूरच आहे.

या पट्ट्यात कारखाने नाहीत असे नाही. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात 1991 पासून रेमंडची कापड गिरणी आहे, पीबीएम पॉलिटेक्सचे सूत तिथेच निघते, सातनूरला भन्साली इंजिनिअरिंग पॉलिमर्स प्लास्टिकचा कच्चा माल बनवते. लोधीखेड्यातल्या आयटीआय झालेल्या किंवा बारावी झालेल्या पोराला कारखाना म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. शिफ्टच्या बसगाड्या तो लहानपणापासून पाहतो. अडचण आहे ती आत शिरण्याची.

या भागातल्या कुठल्याही गेटवर, मोठ्या कारखान्याच्या नव्हे तर एखाद्या गोदामाच्या किंवा जिनिंगच्या गेटवरसुद्धा, नव्या पोराला साधारण दोन प्रश्न विचारले जातात.

‘पहिले कुठी काम केलं का?’

‘नाही, काकाजी.’

‘मंग आतमंधी कोणी ओळखीचा हाय का?’

पहिल्या प्रश्नाची तक्रार सगळेच करतात. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, हे चक्र आता विनोदातही जुने झाले. दुसऱ्या प्रश्नावर आपण ‘वशिला’ म्हणून थुंकतो आणि पुढे जातो. माझे म्हणणे असे की हे दोन्ही मिळून एकच प्रश्न आहे, आणि तो समजला तर चक्र कुठे तुटते तेही दिसते.

आधी हे पाहू की त्या पोराने खरोखर काहीच काम केलेले नसते का. सौंसर–पांढुर्णा हा संत्र्याचा मुलूख. आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे उतरतो, मृग बहार उन्हाळ्याच्या तोंडावर. व्यापारी बगीचा उभ्या झाडांवर विकत घेतो, मग तोडणी, छाटणी, क्रेट भरणे, गाडी लावणे अशी कामे रात्री उशिरापर्यंत चालतात. लोधीखेड्यातल्या बहुतेक मुलांनी यातले काहीतरी केलेले असते. आकाराप्रमाणे फळ वेगळे करणे म्हणजे कारखान्याच्या भाषेत ग्रेडिंग. कुठल्या गाडीत किती क्रेट चढले याची वही ठेवणे म्हणजे डिस्पॅच. डागी फळ बाजूला काढणे म्हणजे गुणवत्ता तपासणी. मुली घरच्या दुकानाचा हिशेब ठेवतात, बचत गटाचे रजिस्टर लिहितात, कापूस वेचतात आणि वजनाच्या काट्यावर व्यापाऱ्याशी वाद घालतात. विसाव्या वर्षी यांच्याजवळ चार-पाच वर्षांचे काम असते. तरीही बायोडाटावर ‘अनुभव’ या शब्दापुढे आडवी रेघ, कारण बगीचा घेणाऱ्या व्यापाऱ्याने कधी कागद दिला नाही आणि आईच्या दुकानाला लेटरहेड नसते.

म्हणजे गेटवरच्या माणसाला काम झाले की नाही यात फारसा रस नाही. झालेल्या कामाबद्दल तिसरा कोणी बोलायला तयार आहे का, हे त्याला हवे आहे. पूर्वीचा मालक बोलला तर त्याला आपण अनुभव म्हणतो, आत कामाला असलेला मामा बोलला तर ओळख. सोयरीक जमवताना मुलाचा पगार त्याच्याच तोंडून कोणी ऐकत नाही, गावात कोणाला तरी विचारतात, तसेच हे.

अर्थशास्त्राने ही गोष्ट पन्नास-साठ वर्षांत टप्प्याटप्प्याने उलगडली. गॅरी बेकर यांनी 1964 च्या आपल्या ग्रंथात एक रोखठोक प्रश्न मांडला: मालकाने पदरचा पैसा घालून कामगाराला सर्वत्र उपयोगी पडेल असे कौशल्य शिकवले आणि उद्या शेजारचा कारखाना त्याला जास्त पगारात घेऊन गेला, तर शिकवणाऱ्याला काय मिळाले? म्हणून असे शिक्षण मालक स्वतःच्या खर्चाने देत नाहीत. मायकेल स्पेन्स यांनी 1973 मध्ये दुसरी बाजू दाखवली. उमेदवार आतून कसा आहे हे मालकाला दिसत नाही, म्हणून तो पदवीसारख्या बाहेरच्या खुणेवर भरवसा ठेवतो, त्या पदवीत शिकलेले कामाला येवो न येवो.

अमांडा पॅलेस यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या सगळ्यात जास्त बोलका वाटतो. इंटरनेटवर लहान-लहान कामे देणाऱ्या एका बाजारात त्यांनी 952 जण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे कोणताही निकष न लावता निवडले आणि त्यांना माहिती भरण्याचे सुमारे दहा तासांचे काम दिले. काम संपल्यावर काहींना नुसता शेरा मिळाला, काहींना सविस्तर. शेरे सगळ्यांना दिसतील असे होते. पुढच्या काही आठवड्यांत, ज्यांना हे काम मिळाले नव्हते अशांच्या तुलनेत त्यांच्यातल्या नवख्यांना कामे अधिक मिळाली आणि त्यांची कमाईही वाढली. दहा तासांत कोणी नवे कौशल्य शिकत नाही. फरक एवढाच पडला की त्यांच्याविषयी कोणीतरी काही लिहिले होते. पॅलेस यांचा निष्कर्ष मालकांना दोष देत नाही. नवख्याला पारखण्याचा खर्च पहिला मालक करतो आणि पारख झाल्याचा फायदा नंतरचे सगळे मालक घेतात. मग पहिला व्हायचे कोणी? प्रत्येक जण दुसरा होण्याची वाट पाहतो. ‘किमान दोन वर्षांचा अनुभव’ या ओळीचा अर्थ खरे तर एवढाच.

जुन्या काळी हा खर्च घर उचलायचे. इंग्रजी अमदानीच्या गॅझेटियरांत लोधीखेड्याचे नाव पितळ-तांब्याच्या भांड्यांसाठी आणि जाड्याभरड्या सुती कापडासाठी येते. तांबटाच्या पोराला कोणी अनुभव विचारला नसणार. तो भात्यापाशी बसूनच मोठा झाला. पण त्या काळासाठी हळवे होण्याचे कारण नाही. अनुभव विचारला जात नव्हता कारण जन्म विचारला जात होता, आणि दुसऱ्या जातीच्या पोराला त्या भात्यापाशी जागा नव्हती. उरलेल्यांना शेतमजुरी होती किंवा मँगनीजच्या खाणी. या खडकांना भूविज्ञानाच्या पुस्तकांत ‘सौंसर समूह’ असेच नाव आहे. खाणीत फावडे धरायला साक्ष लागत नसे, आणि ते काम कितीही वर्षे केले तरी पुढच्या कुठल्या कामासाठी साक्ष मिळतही नसे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर सरकारने ही साक्ष आपण द्यावी असे ठरवले. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी 1945 मध्ये रोजगार विनिमय केंद्रे उघडली आणि 1948 पासून ती सर्वांना खुली झाली. 1959 च्या कायद्याने मोठ्या आस्थापनांवर रिकाम्या जागा कळवण्याचे बंधन घातले, पण त्याच कायद्यात हेही स्पष्ट लिहिले की केंद्राकडून आलेला माणूस घेण्याचे बंधन नाही. केंद्राला उमेदवाराचे नाव, जात, गुण ठाऊक होते, तो कामाला कसा आहे हे ठाऊक नव्हते. मालकांना नेमके तेच हवे होते. मध्य प्रदेशात रोजगार पंजीयन आजही लागते, राज्याच्या भरती परीक्षांचा अर्ज भरताना त्याचा क्रमांक मागतात. खासगी कारखान्याच्या गेटवर ते कार्ड काढून दाखवणारा मात्र मी पाहिला नाही.

साक्षीची ती जागा ओळखीने भरली. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या न्यूटन शहरातल्या नोकरदारांना नोकरी कशी मिळाली ते विचारले. निम्म्याहून अधिकांनी ओळखीतून, असे सांगितले. त्यातही सख्ख्या-जवळच्यांपेक्षा क्वचित भेटणारे, लांबचे ओळखीचे जास्त उपयोगी पडले होते. कारण उघड आहे: घरच्यांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही असते, लांबच्या माणसाचा वावर वेगळ्या जगात असतो. लोधीखेड्यात हे ताडून पाहा. मुलाचा काका, मामा, मित्र, सगळे त्याच बगीच्यांत आणि त्याच ठेकेदाराकडे. बोरगावच्या कारखान्यात ऑफिसात बसणारा, बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत सुपरवायझर असलेला ओळखीचा कोणाजवळ असतो? ज्याचा बाप आधीच तिथे होता त्याच्याजवळ. म्हणून ‘वशिला’ ही नुसती नीतीची भानगड मानली तर अर्धेच कळते. साक्षीदार सगळ्यांना सारखे वाटलेले नाहीत, हे त्यामागचे दुखणे आहे. मुलींना तर ते आणखी कमी मिळतात, कारण ठेकेदाराच्या चहाच्या टपरीवर उभे राहून ओळख वाढवण्याची सोय त्यांना नाही.

दक्षिण आफ्रिकेतला एक प्रयोग इथे उपयोगी आहे. तिथे तरुणांची बेकारी आपल्याहून भयंकर. मार्टिन एबेल, रुलोफ बर्गर आणि पॅट्रिझिओ पिराइनो यांनी कमी कौशल्याच्या कामांसाठी अर्ज पाठवताना काहींना आधीच्या मालकाचे साधे शिफारसपत्र जोडले. पत्र जोडलेल्या अर्जांना बोलावणे येण्याचे प्रमाण 60 टक्क्यांनी वाढले, आणि ही वाढ मुख्यतः स्त्रियांमुळे होती. दुसऱ्या प्रयोगात त्यांनी बेकार तरुणांना अशी पत्रे मागून आणायला सांगितले. पत्र मिळवणाऱ्या स्त्रियांत काम मिळण्याचे प्रमाण दुप्पट झाले. पत्रात काय होते? माणूस वेळेवर येतो का, कष्टाळू आहे का, शिकतो का, असल्या गोष्टी. आपल्याकडचा संत्रा व्यापारी हे अर्ध्या पानावर लिहू शकतो. तो लिहीत नाही, कारण त्याला कोणी मागितले नाही, आणि पोरगा मागत नाही, कारण क्रेट भरण्याच्या कामाचे कोणी पत्र घेते हे त्याच्या डोक्यातच येत नाही.

शिक्षणाने ही अडचण सुटेल असे आईबापांना वाटते, आणि त्यासाठी ते संत्र्याचा पैसा छिंदवाड्याच्या आणि नागपूरच्या कॉलेजांत ओततात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्थेच्या 2024 च्या भारत रोजगार अहवालातला आकडा त्यांना दाखवावासा वाटत नाही. 2022 मध्ये देशातल्या पदवीधर तरुणांत बेकारीचे प्रमाण 29.1 टक्के होते, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत 3.4 टक्के. याचा अर्थ शिकू नये असा काढणारे शहाणे मी बरेच पाहिले. ज्याच्या घरात खायला नाही तो बेकार बसूच शकत नाही, म्हणून खालचा आकडा लहान. पण वरचा आकडाही खराच आहे. ज्या खुणेवर मालकाने भरवसा ठेवायचा ती खूण प्रत्येकाच्या कपाळावर आली की ती खूण राहत नाही.

मग पारखीचा खर्च कोणी उचलायचा? गेल्या काही वर्षांत सरकारने तो उचलायला सुरुवात केली आहे, आणि इथे लोधीखेड्याची रेघ पुन्हा आडवी येते. मध्य प्रदेशाने 2023 मध्ये ‘मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजना’ काढली. राज्याचे रहिवासी असलेल्या 18 ते 29 वयाच्या तरुणांना कारखान्यात काम शिकताना महिन्याला बारावीपर्यंतच्यांना 8000, आयटीआयवाल्यांना 8500, डिप्लोमाला 9000 आणि पदवीधरांना 10000 रुपये. त्यातले 75 टक्के राज्य देते. महाराष्ट्राने 2024 मध्ये ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ आणली, लोकांनी तिला ‘लाडका भाऊ’ म्हटले. बारावीला 6000, आयटीआय-डिप्लोमाला 8000, पदवीधराला 10000. अट महाराष्ट्राच्या रहिवासाची. आता लोधीखेड्याचा पोरगा बुटीबोरीच्या कारखान्यात गेला तर तो लाडका भाऊ नाही. केळवदच्या पोराला बोरगाव बुटीबोरीपेक्षा जवळ, पण सीखो-कमाओत त्याला जागा नाही. दोन्ही राज्यांनी स्थानिकांना प्राधान्याच्या घोषणाही केल्या आहेत. डिसेंबर 2018 मध्ये छिंदवाड्याचेच कमलनाथ मुख्यमंत्री झाले आणि पहिल्याच दिवशी, 70 टक्के जागा राज्यातल्यांना देतील त्याच उद्योगांना सवलती, असे त्यांनी जाहीर केले. सीमेवरच्या माणसाला स्थानिक म्हणजे किती किलोमीटर, हे अशा वेळी कोणी विचारत नाही.

केंद्राच्या वाटांना ही रेघ नाही, आणि या भागातल्या शिक्षकांनी मुलांना त्या दाखवायला हव्यात. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार 30 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ घेणे बंधनकारक आहे. 2016 पासून केंद्र त्यांच्या विद्यावेतनातला 25 टक्के वाटा, महिन्याला 1500 रुपयांपर्यंत, उचलते. रेल्वेची शिकाऊ भरती तर मला सगळ्यांत सरळ वाटते. दहावी आणि आयटीआयचे गुण, त्यावरून यादी, लेखी परीक्षा नाही, मुलाखत नाही, आणि मामाही नाही. नागपूर–छिंदवाडा मार्ग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येतो, म्हणजे रेल्वेच्या नकाशावर लोधीखेडा अजूनही नागपूरचेच आहे. शिकाऊ झाल्याने नोकरी पक्की होत नाही. पण रेल्वेच्या सर्वांत खालच्या स्तराच्या भरतीत 20 टक्के जागा रेल्वेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी राखीव असतात.

याच मार्गावर 2015 च्या नोव्हेंबरपर्यंत छोटी गाडी धावायची. रुंदीकरणासाठी ती बंद झाली आणि मोठी लाइन सुरू व्हायला वर्षे लागली. त्या मधल्या वर्षांत बारावी झालेल्या मुलांना नागपुरातल्या कामाला रोज जाऊन येण्याचा स्वस्त रस्ता नव्हता. बसचे भाडे पहिल्या पगारातून वजा केले की पुष्कळ नोकऱ्या नोकऱ्याच राहत नाहीत, हा हिशेब कुठल्या रोजगार अहवालात येत नाही.

कागदाकडे परत येतो, कारण या प्रकरणातला सर्वांत व्यवहारी मुद्दा तोच आहे. ठेकेदारामार्फत कारखान्यात गेलेल्या पोराला तीन वर्षांनी ‘अनुभवाचे पत्र द्या’ म्हटले की ठेकेदार बदललेला असतो आणि कंपनी म्हणते, तू आमच्या रोलवर नव्हतास. अशा वेळी भविष्य निर्वाह निधीचे खाते कामी येते. 20 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला त्या निधीचा कायदा लागू होतो, आणि 2014 पासून प्रत्येक सभासदाला यूएएन हा कायमचा एक क्रमांक मिळतो. ठेकेदार बदलला तरी क्रमांक तोच, आणि कोणाकडे कोणत्या तारखेला लागला, कधी सोडले, हे त्यात नोंदलेले असते. पीएफ म्हणजे पगारातून होणारी कपात एवढेच पोरांना ठाऊक असते, म्हणून ‘पीएफ कापू नका, हातात द्या’ असे ते स्वतःच ठेकेदाराला सांगतात आणि ठेकेदारालाही ते सोयीचे असते. महिन्याकाठच्या तेवढ्या कपातीपायी आपला एकुलता एक न बदलणारा साक्षीदार ते घालवतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. ते गोदामाच्या आणि जिनिंगच्या गेटपर्यंत पोहोचेल का, हे पाहायचे.

1 ऑगस्ट 2025 पासून केंद्राची ‘प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना’ सुरू झाली. तीत पहिल्यांदाच पीएफमध्ये नोंद होणाऱ्या कामगाराला एका महिन्याच्या वेतनाइतके, जास्तीत जास्त 15000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात: पहिला सहा महिने टिकल्यावर, दुसरा वर्ष झाल्यावर आणि पैशाच्या व्यवहाराचा छोटा अभ्यासक्रम केल्यावर. ठराविक संख्येने नवी माणसे घेऊन ती टिकवणाऱ्या मालकालाही माणशी महिन्याला 3000 रुपयांपर्यंत मिळतात. पॅलेस यांनी ज्या पहिल्या मालकाची अडचण मांडली होती, त्याच्या पदरात सरकारने काहीतरी टाकले आहे. गंमत अशी की ज्याने पाच वर्षे बगीच्यात, दुकानात, पीएफ नसलेल्या ठेकेदाराकडे काम केले तोही या योजनेच्या हिशेबी नवखाच. गेटवर ज्या वर्षांची किंमत शून्य झाली, ती कुठेच नोंदली नसल्यामुळे त्याला इथे 15000 रुपये मिळू शकतात. हा दरवाजा 31 जुलै 2027 पर्यंत लागलेल्या नोकऱ्यांसाठी उघडा आहे.